सुभेदारांची विजयी पिछेहाट

जगात जेवढं पाणी आहे तेवढंच जग, बाकीची नुसती पार्किंगची जागा, असं मानणारा माणूस मी एकच पाहिला आहे: माझे थोरले साडू. मूळचे कृष्णाकाठचे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मुलाची नोकरी जयपूरला म्हणून दुर्गापुऱ्यात राहायला आले. इथे आल्यापासून ते गावांची नावं पाण्यावरून लक्षात ठेवतात. "कानोता? म्हणजे बंधाऱ्याचं. चौमूं? तिथं आमच्या चौधरीचं तळं हाय." शहरातला राजवाडा मात्र त्यांनी अजून आतून पाहिलेला नाही. आत मासे नाहीत, एवढंच त्यांचं म्हणणं.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या गुडघ्याने संप पुकारला. काठावर गळ टाकून उभं राहणं बंद झालं आणि सुभेदार खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसू लागले. बोलणं कमी झालं. मग एके दिवशी मोबाइलवर त्यांना तरंगत्या खुर्चीवरून मासे धरणारा कुणी परदेशी माणूस दिसला. हवा भरलेली ट्यूब, मधे बसायला पट्टा, पायात पोहायचे रबरी पंजे. त्या संध्याकाळी सुभेदारांनी मला फोन केला. माझा जन्म आकडेमोडीत गेला, म्हणून ते मला नावाने हाक मारत नाहीत. "हिशेबनीस, पाण्यात गुडघ्यावर वजन किती येतं?" मी म्हणालो, "जवळजवळ नाहीच." "बास," म्हणाले आणि फोन ठेवला.

पहिली ट्यूब त्यांनी ट्रॅक्टरची आणली आणि मोच्याकडून तिला कॅनव्हासची बैठक शिवून घेतली. उन्हात हवा प्रसरण पावते, ठासून भरू नका, असं मी सांगितलं होतं. त्यांनी ठासून भरली, गच्चीवर ठेवली आणि जेवायला बसले. भर दुपारी असा बार उडाला की समोरचे शर्माजी बनियनवर रस्त्यात आले. सुभेदारांनी शांतपणे आणखी भात वाढून घेतला. "ट्रायल झाली," म्हणाले.

दुसरी खरेदी मात्र आम्ही मिळून केली. ट्यूब गोल नको, पुढून उघडी हवी, म्हणजे दुखरा पाय उचलून आत टाकावा लागत नाही. हवेचे कप्पे दोन, एक गेला तर दुसरा आहे. अंगात लाइफ जॅकेट, गळ्यात शिट्टी. पंजे घोट्याला दोरीने बांधलेले, कारण चिखल ते ओढून घेतो. बाकी डझनभर कप्प्यांच्या पिशव्या आणि कप ठेवायच्या खाचा मी खोडून टाकल्या. सुभेदारांनी फक्त तंबाखूच्या डबीपुरता एक कप्पा वाचवला.

ताईंनी, म्हणजे माझ्या मेव्हणीने, अट घातली. "एकदाच संधी देते. एकट्यानं जायचं, एकट्यानं परत यायचं. कुणाला ओढून काढावं लागलं, तर ही ट्यूब भंगारात आणि तुम्ही खुर्चीत."

रविवारी सकाळी आम्ही चौधरींच्या शेततळ्यावर पोचलो. हे सुभेदारांच्या युनिटमधले जुने सोबती. या प्रकारात ट्यूब कमरेला लावून, पंजे घालून पाण्यात उलटं चालत शिरायचं असतं, आणि पुढेही पाठीच्याच दिशेने जायचं असतं. हे मी वाचून दाखवलं होतं. पण सुभेदार ताठ झाले. "पाठ फिरवून? ह्या वयात?" असं म्हणून ते छाती काढून सरळ निघाले. एक पंजा दुसऱ्या पंज्यावर पडला आणि अख्खे सुभेदार गुडघाभर पाण्यात पालथे झाले.

मी धावलो. त्यांनी तसाच हात वर केला. "हात लावायचा न्हाई!"

ताई काठावरून म्हणाल्या, "बोलवू भंगारवाल्याला?"

तेवढ्यात चौधरी मिशीत हसले. "साब, रिवर्स गियर तो टैंक में भी होता है!"

सुभेदारांनी तोंडावरचा चिखल पुसला, विचार केला, आणि उठून फौजी शिस्तीत पाण्याकडे पाठ केली. एकेक पाऊल मागे टाकत गेले. पाणी कमरेला आलं, ट्यूबने त्यांना अलगद उचललं, आणि खिडकीपाशी खुर्चीत बसलेला तो माणूस खुर्चीसकट निघाला. मधोमध पोचल्यावर त्यांनी गळ टाकला. बऱ्याच वेळाने काठी वाकली, माशाने त्यांना ट्यूबसकट गरागरा फिरवलं, आणि सुभेदारांनी जी आरोळी ठोकली ती चौमूंच्या बाजारात ऐकू गेली असावी. रोहू जाळीत घालून ते एकट्याने काठाला लागले, एकट्याने उभे राहिले. माझ्या काट्यावर रोहू सव्वादोन किलो भरला. "काटा नादुरुस्त हाय," सुभेदार म्हणाले. "तीनाच्या खाली न्हाई." जन्मात पहिल्यांदा मी आकड्यावरून वाद घातला नाही.

आता ते दर रविवारी जातात. ताई डबा घेऊन काठावर बसतात. एकदा मी म्हणालो, "ताई, अट पुरी झाली. आता कशाला उन्हात येता?"

त्या पाण्याकडेच बघत होत्या. सुभेदार पाय मारत लांब लांब चालले होते, तोंड आमच्याकडे.

"प्रत्येक सुट्टी संपली की हे फाटकातून निघायचे ते वळून बघायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "नोकरीभर मी पाठच बघितली. आता कितीही लांब गेले तरी तोंड इकडंच असतंय."

तळ्याच्या मधून सुभेदारांनी हात हलवला. ताईंनी डब्याचं झाकण उंच धरून हलवलं.