प्रिंटरवरचं कुंकू
गरम कागदाचा वास आला की हिंगोलीजवळच्या गोरेगावातलं आमचं छपाईचं दुकान आठवतं. थोरल्या पोरानं जुना लेझर प्रिंटर आणला, पण त्याच्या लिनक्सच्या कॉम्प्युटरला तो काही केल्या जोडला जाईना. लग्नपत्रिकेचं पहिलंच गिऱ्हाईक कंटाळून हिंगोलीला जायला उठलं. माझी बायको पोराला म्हणली, "काहून तोंड पाडून राहिला? मी कुंकू-अक्षता लावून पूजा केली ना बराबर!" पोरानं चिडून मागची वायर उपसली, तर कॉम्प्युटरच्या खाचेत तिच्याच अक्षतेचा दाणा. "माय, तुझ्या पूजेनंच वायर बसू देली न्हाई!" ती पदरात तोंड घालून हसली. दाणा काढला, पत्रिका छापली. आता ती न्हाई, प्रिंटरही बंद. परवा सून फडकं घेऊन आली. म्हणलं, "ते कुंकू राहू दे, तुझ्या सासूचं बोट हाय ते."