प्रकाशाचं वळण

पीएचडीच्या शेवटाकडे मला माझ्या मैत्रिणीचा हेवा वाटायला लागला.

आम्ही दोघी एकाच प्रयोगशाळेत, एकाच सरांकडे. सिलिकॉनच्या पातळ थरात अतिशय बारीक भोकं ओळींनी पाडली, की ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश त्यातून जाऊच शकत नाही. मधली एक ओळ भोकांविना सोडली, की त्या गल्लीतून तो मुकाट जातो. सरळ गल्लीत माझा प्रकाश व्यवस्थित चालायचा. वळण आलं की निम्मा मागे फिरायचा, बराचसा बाहेर सांडायचा.

"काय, आपला प्रकाश अजून वारज्याच्या पुलाखालीच का?" सर विचारायचे. मी वारज्याहून यायचे, आणि तिथल्या पुलाखाली रोज वाहतूक तुंबायची.

मैत्रीण धायरीची, शेतकऱ्याघरची. एका सकाळी तिनं हाक मारली. "कोपऱ्यातली भोकं जरा सरकवून बघितली. मला फायबर जुळवून दे ना, तुझा हात स्थिर हाय."

नमुन्यात प्रकाश सोडणारी ती केसाएवढी काचेची तार, फायबर, मी जुळवली. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. माझ्या नमुन्यात वळणावर नेहमी सांडलेल्या प्रकाशाचा पांढरा डाग असायचा. इथे काळोख होता, आणि पलीकडच्या टोकाला लख्ख ठिपका.

"छान," मी म्हणाले.

सर आले, खुर्ची ओढून बराच वेळ बघत बसले. "जमलं की," एवढंच म्हणाले. तेवढंच ऐकायला मी किती वर्षं थांबले होते.

दुसऱ्या दिवशी तिच्याआधी येऊन मी तोच नमुना पुन्हा मोजला. पलीकडे किती प्रकाश पोचतो, तो आकडा खाली यावा अशी मनापासून इच्छा होती. मी जरा नीट जुळवल्यामुळे तो वरच गेला.

तिला सांगितलं, तर ती हरखली. "मग पेपरात तुझं नाव घालायला पायजे."

"कशाला? मी नुसती फायबर धरली."

"मी तरी नुसती भोकंच सरकवली."

पेपर आला, माझं नाव दुसरं होतं. परदेशातल्या परिषदेला ती गेली. तिथला तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला, तेव्हा मी अंगठा टाकला आणि फोन पालथा ठेवला.

पुढे माझ्या चिपमध्ये मी तिचंच वळण वापरलं. प्रकाश पलीकडे पोचला, प्रबंधही पूर्ण झाला. वळणाची रचना तिची, हे वाक्य त्यात आहे. ते लिहायला मला अख्खी दुपार लागली.