चार नंबरच्या टेबलावरचा हात

आमची सून काय काम करते, असं कुणी विचारलं की मी आधी त्याला बसायला सांगतो. उत्तर उभ्याउभ्या देण्यासारखं नाही.

ती कारखान्यात नॉब तपासते. नॉब म्हणजे गोल फिरवायचं बटण, जुन्या रेडिओला असायचं तसं. पण हा नॉब काचेच्या पडद्यावर बसवलेला असतो, आणि नॉब नि पडदा यांच्यात एक तारसुद्धा नाही. मग पडद्याला कळतं कसं, की हात लागला? मी सातवी शिकलेला माणूस, मला हे समजायला तीन संध्याकाळी लागल्या. काचेमागे पातळ पट्ट्या असतात, त्यांत इवलासा विजेचा भार धरून ठेवलेला असतो. माणसाचं बोट आलं की तो भार जरासा हलतो. कुठे हलला आणि किती हलला, यावरून यंत्र ओळखतं: एक बोट टेकलं, तीन बोटांनी धरलं, की नुसतं कडेवरून ओढलं. टेकलं तर पडदा जागा होतो, धरून फिरवलं तर आकडा वाढतो, कडेवरून ओढलं तर मागचं पान येतं. मी हे सगळं शेजारच्या मास्तरांना रंगवून सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हणजे यंत्रालासुद्धा स्पर्श कळायला लागला म्हणा. आमच्या घरी कधी कळणार कोण जाणे." मास्तरांचं त्या दिवशी घरात वाजलं होतं.

तर, दर नॉबमागे एक कागद, कागदावर दोन चौकोन. पहिला, 'पडद्याने ओळखलं'. दुसरा, 'हाताला खाच लागली'. नॉब फिरवताना दर आकड्याला बोटाखाली बारीक टक् लागावी लागते, तीच खाच. पहिला चौकोन डोळ्यांनी भरता येतो. दुसरा फक्त हाताने.

असे सहाशे नॉब दिवसाला, पंधरा वर्षं. टेक, धर, फिरव, ओढ, दोन टिका, पुढचा. कारखान्यातल्या बायका तिला घड्याळताई म्हणतात. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. माझा मुलगा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. तो आला तरी "आलात?" आणि निघाला तरी "निघालात?", दोन्ही एकाच सुरात. भांडकुदळ सून मिळालेले सासरे मी पाहिलेत, ते माझा हेवा करतात. मला मात्र कधीकधी वाटायचं, हिने एकदा तरी ताट आपटावं.

एकदा नातीने तिच्याशी खेळ मांडला. आईने डोळे मिटायचे, नात तिच्या बोटांवर अक्षर काढणार, आईने ओळखायचं. नातीने 'क' काढला. आई गप्प. मग 'ग', मग सरळ रेघ.

"काढ ना," सून म्हणाली.

"अगं आई, तीन काढून झाली!"

नात खेळायला पळाली. मी विचारलं, "कधीपासून?"

"सहा महिने झाले असतील, बाबा. अंगठा आणि दोन बोटं. लाकडाची असल्यासारखी."

"मग दुसरा चौकोन कसा भरतेस?"

"पडद्यावर आकडा पुढे गेला की खाच लागली असणार, असं धरते. आजवर चुकलं नाही."

खरं सांगायचं तर मीच म्हणालो, "मग तोंडातून ब्र काढू नकोस. चाललंय ते चालू दे." पाटीवर लिहावं तितकं स्पष्ट म्हणालो. लपवून कसं चालेल?

मग एक पेटी परत आली. त्रेचाळीस नॉबमध्ये खाचेखालची स्प्रिंगच बसवायची राहिली होती. ते लोण्यासारखे गुळगुळीत फिरत होते. पडदा त्यांना बरोबर ओळखत होता, आकडाही पुढे जात होता. कागदांवर दोन्ही चौकोनांत टिका होत्या. कागदावर सही नसते, टेबलाचा नंबर असतो. नंबर चार. त्या टेबलावर सकाळी आमची सून, दुपारनंतर एक नवी बाई, कामाला लागून दोन महिने झालेली, घरात दोन लेकरं.

सुपरवायझरांनी दोघींना बोलावलं. सूनबाईंना बसायला खुर्ची दिली, नवीला उभी ठेवली, यावरूनच निकाल लागला होता.

"उद्यापासून येऊ नकोस," ते नवीला म्हणाले.

"साहेब, मी एकेक नॉब दोनदा फिरवते. त्यावरून तर तुम्ही मला हळूबाई म्हणता."

"मग काय ताईंचा हात चुकला? पंधरा वर्षांत तो हात चुकलेला नाही."

सून म्हणाली, "माझ्याच हाताखालून गेलेत."

"ताई, उगाच तिला पाठीशी घालू नका."

"मला खाच लागत नाही. सहा महिने झाले."

सुपरवायझरांनी दहा नॉब मागवले, पाच चांगले, पाच बिनस्प्रिंगचे. तिच्या हातावर फडकं टाकलं, पडदे बंद केले. पहिला फिरवायला दिला.

"खाच आहे की नाही?"

"माहीत नाही."

दुसरा. "माहीत नाही." तिने दहाही नॉब त्याच ठेक्यात फिरवले, टेक, धर, फिरव, आणि दहाही वेळा तेच उत्तर दिलं. नवी म्हणते, अंदाजाने बोलली असती तरी निम्मे बरोबर आले असते. अंदाजसुद्धा केला नाही.

नवी राहिली. सूनबाईंना पॅकिंगवर पाठवलं, डॉक्टरचा कागद आणेपर्यंत. पुढचं पुढे बघू म्हणाले. त्या संध्याकाळी घरी येऊन तिने चपला काढल्या, पाय धुतले, नातीची वेणी सोडली आणि मग मला हे सांगितलं, भाजी आणायची राहिली म्हणावं तसं. मी म्हणालो, "मी तुला गप्प राहायला सांगितलं होतं, ते चुकलंच माझं." ती म्हणाली, "तुम्ही नसतं सांगितलं तरी मी गप्पच राहिले असते, बाबा. तिला उभी ठेवली म्हणून बोलले."

परवा नवी घरी आली होती, चहाला थांबली. तिने सांगितलं, ताई पॅकिंगवर गेल्या त्या पहिल्या दिवशी एका नॉबची शंका आली म्हणून ती तो घेऊन पॅकिंगपर्यंत पळत गेली. "ताई, हा बघा ना जरा." सूनबाईंनी हातसुद्धा लावला नाही. "जागेवर जा," म्हणाली, "आणि शंका असली तर टीक करू नकोस."

मनगटातली नस दाबली गेली आहे म्हणे. डॉक्टरांनी पुढच्या महिन्यातली तारीख दिली आहे. बोटं जागी होतील की नाही, ते तेही सांगत नाहीत. मुलगा तोवर परत येतो म्हणाला आहे. सून रोज आठ वाजता निघते, खोके बांधते, साडेपाचला येते. मी विचारतो, "काय म्हणतात बोटं?"

"अजून काही नाही," ती म्हणते.