सगळ्या शाळेची एक फाईल

शाळेत रुजू झाल्या झाल्या मला एक नियम सांगण्यात आला. वडीलधाऱ्यांनी लिहिलेलं खोडायचं नाही. चूक दिसलीच, तर खाली वेगळ्या ओळीत नम्रपणे लिहायचं. आणि का, ते विचारायचं नाही!

खडू-फळ्याच्या काळात हे खपून गेलं असेल. यंदा शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका काढायचं ठरलं, मराठीची शिक्षिका म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं, आणि मी उत्साहाच्या भरात एक फाईल ऑनलाइन टाकून सगळ्यांना लिंक पाठवली. सगळ्यांनी एकाच फाईलीत लिहायचं, एकाच वेळी! तेव्हापासून किस्से जे साचायला लागलेत, ते थांबायचं नाव घेत नाहीत. स्मरणिका बारीक आणि किस्से जाड, अशी अवस्था आहे.

या गोंधळातून मला एकच लेख सहीसलामत छापखान्यापर्यंत न्यायचा होता. आमच्या निवृत्त साळवे बाईंचा. आमची शाळा पाथर्डीकडची. दिवाळी झाली की अर्धा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला निघतो. बाई त्यातल्या जमतील तेवढ्या मुली दर वर्षी आपल्या भाड्याच्या घरात ठेवून घ्यायच्या आणि शिकवायच्या. हे सगळं त्यांनी कुठेही आवाज न चढवता लिहिलं होतं. शेवटी एक ओळ होती, ‘मुलींसाठी संस्थेकडे एक खोली मागितली होती, मिळाली नाही.’

या ओळीतला शेवटचा शब्द सारखा गायब व्हायचा. मी परत टाकायचे. दुसऱ्या दिवशी बघावं तर, ‘खोली मागितली होती, मिळाली.’ झालं, संस्था दानशूर! साळवे बाई आमच्या सगळ्यांपेक्षा वयाने मोठ्या. पण त्यांचं लिहिलेलं खोडलेलं चालत होतं. का, ते अर्थातच विचारायचं नाही.

*

पहिला मान संस्थेचे सचिव अण्णा यांचा. त्यांनी लिंक दाबली आणि स्क्रीनवर आलं, ‘प्रवेशासाठी विनंती करा.’

पुढच्या मिनिटाला आमचे मुख्याध्यापक, म्हणजे हेडसर, माझ्या चालू तासात घुसले. हातात फोन, स्पीकरवर अण्णा.

“मॅडम, ही शाळा कुनी काढली?”

“तुम्ही, अण्णा.”

“आन् आमीच आत यायला इनंती करायची?”

“अण्णा, नुसतं बटण दाबायचंय.”

“आमी इनंती फकस्त इलेक्शनला करतो!”

*

फाईलीत मजकुराच्या बाजूला शेरा लिहायची सोय असते. तिथे सूचना लिहाव्यात असं मी सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी प्रार्थनेच्या पानावर चार ‘सुप्रभात’ आणि एक गुलाबाचं फूल!

पण कमाल झाली ती देणगीदारांच्या पानावर. घोडेगावच्या बाजारात बैलांचा व्यापार करणारे आमचे एक माजी विद्यार्थी आहेत, त्यांनी स्मरणिकेला पानभर जाहिरात कबूल केली होती. त्यांचा हार घातलेला, सत्काराचा फोटो मी तिथे लावला. हार दिसताच कुणीतरी बाजूला लिहिलं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ मग काय, रांगच लागली. हेडसरांनी तर ‘शाळेचा आधारवड हरपला’ असंही लिहिलं. नशिबाने त्या गृहस्थांकडेही लिंक होती.

संध्याकाळी सगळ्यांच्या खाली त्यांचा शेरा आला, ‘मी अजून आहे. जाहिरात मात्र वारली असे समजावे.’

*

इतिहासाच्या ढाकणे सरांना टायपिंगचा कंटाळा. मी त्यांना मोबाईलवर बोलून लिहायला शिकवलं. सर खूश. घरी ओट्याशेजारी खुर्ची टाकून त्यांनी शाळेचा सगळा इतिहास एका दमात सांगितला.

सकाळी मी वाचायला घेतलं. ‘ओसाड माळरानावर पहिली कुदळ मारली गेली आणि अहो ऐकलं का गॅस संपत आलाय. त्या काळी ना इमारत ना फळा ना तुम्हाला कधी काही वेळेवर आठवतं. तरीही संस्थापकांनी जिद्द सोडली नाही अन् तुमच्या आईनंही.’

मी विचारलं, “सर, काकूंची वाक्यं काढू का?”

सर विचारात पडले. म्हणाले, “काढा, पन तिला विचारून. काल तिनं वाचलंय. तिला ह्यो लेख आपला दोघांचा वाटतोय.”

*

नावाने लॉगिन न करता फाईल उघडली की तुम्ही तिथे एखाद्या प्राण्याच्या नावाने दिसता. अनामिक कोल्हा, अनामिक बदक, असं काहीतरी.

एकदा मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये फाईल उघडून बसले होते. बघते तर साळवे बाईंच्या शेवटच्या ओळीवर एक अनामिक म्हैस उभी! माझ्या डोळ्यांदेखत तिने ‘नाही’ गिळला.

मी ताडकन उठले. “ही म्हैस कोण आहे? समोर येऊ दे एकदा, बघतेच तिला!”

हेडसर माझ्याजवळ सरकले आणि दबक्या आवाजात म्हणाले, “मॅडम, हळू. अण्णा शेजारच्या खोलीत बसलेत.”

त्याच दिवशी मी फाईलीची सेटिंग बदलली. आता बाकीच्यांनी काही खोडलं की ते नुसतं सुचवल्यासारखं दिसणार. बरोबरची टिक करायची की फुली मारायची, ते फक्त माझ्या हातात.

*

त्याआधी हेडसरांनी एक पराक्रम करून ठेवला होता. एका पानावर एका संचालकांच्या नावाआधी नुसतंच ‘श्री.’ पडलं होतं, ‘मा.’ राहिलं होतं. केवढा अपमान! हेडसरांना कुणीतरी ‘शोधा आणि बदला’ शिकवलेलं. त्यांनी एका झटक्यात सगळ्या फाईलीतल्या ‘श्री’चं ‘मा. श्री’ करून टाकलं.

श्रीगोंद्याचं मा. श्रीगोंदा झालं. स्नेहभोजनात मुलांनी मा. श्रीखंड खाल्लं. पाहुण्यांना शाल आणि मा. श्रीफळ मिळालं. दहावीला पहिली आलेली जयश्री ‘जयमा. श्री’ झाली.

साळवे बाईंना मी त्यांचा लेख वाचायला पाठवला होता. त्यांचा फोन आला. “अगं, माझा जन्म मा. श्रीरामपूरचा म्हणून लिहिलंयस. मी सोडल्यावर गावाला बढती मिळाली की काय?”

ज्यांच्या नावाआधी आधीच ‘मा. श्री.’ होतं, ते अर्थात ‘मा. मा. श्री.’ झाले. मी एकेक करून सगळे दुरुस्त करत बसले. अण्णांच्या नावापाशी आले आणि हेडसरांचा निरोप आला, “अण्णांनी पाहिलंय. त्यांचं तसंच राहू द्या.”

*

छापायला द्यायच्या आदल्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये बैठक. फाईल प्रोजेक्टरने भिंतीवर. पुढच्या रांगेत अण्णा आणि संचालक मंडळी, मागे हेडसर, ढाकणे सर. प्रत्येकाच्या हातात मोबाईल, आणि भिंतीवर प्रत्येकाच्या नावाची रंगीत चिठ्ठी लावलेला कर्सर इकडून तिकडे पळतोय.

जिन्यातच हेडसरांनी मला गाठलं होतं. मी तासिका तत्त्वावरची शिक्षिका. “पुढच्या वर्षीच्या तासिकांचा कागद अण्णांच्या टेबलावर आहे,” ते म्हणाले. “सहज सांगितलं हो.”

आणि सकाळी मी साळवे बाईंना फोन केला होता. “माझ्यासाठी भांडू नकोस, बाळा,” त्या म्हणाल्या. “पण खोली मिळाली असं छापलंस, तर त्या पोरी मला विचारतील, बाई, मग आपण कुठे होतो?”

बाईंचं पान आलं. शेवटच्या ‘नाही’वर आडवी रेघ, बाजूला अण्णांचं नाव, त्याखाली टिक आणि फुली. सगळे कर्सर हळूहळू त्या शब्दाभोवती गोळा झाले.

“मॅडम, टिक करा,” अण्णा म्हणाले.

मी माऊसवरचा हात काढून घेतला.

“आवो, येका शब्दानं काय बिगडतंय? आख्खा लेख छापतोय की आपन बाईंचा!” एक संचालक म्हणाले.

“ओळ उलटी होते त्याने.”

अण्णा हसले. लहान मुलीची समजूत काढावी तसं म्हणाले, “बरं, कंचा शब्द म्हनायचा ह्यो? वाचा मोठ्यानं. कळू द्या समद्यांना.”

“नाही.”

“हां, त्योच. काढा.”

“अण्णा, मी शब्द वाचला नाही. मी उत्तर दिलं.”

ढाकणे सरांनी आपला मोबाईल मांडीवर पालथा ठेवला. भिंतीवरचा त्यांचा कर्सर गेला. बाकीचे त्या शब्दाभोवती लुकलुकत राहिले.