पासपोर्ट हातात दिसला पाह्यजे

माहा भाऊ किशन मुकादम होता. ऊस तोडाले लोक नेनारा मुकादम. दसरा झाला का आमच्या तांड्यातून ट्रक भरून लोक जात, तिकडे कारखान्याच्या मुलखात, अन उन्हाया लागला का वापस येत. ते लोक जमा करनारा माहा भाऊ. पोहरादेवीपासून आमचा तांडा लय दूर नाही, यात्रेच्या वक्ती पायी जाता येते. मी त्याची लहान बहीन. नवरा मेल्यावर त्याच्याच घरी राह्यली. त्याची बायको पोट्टी चार वर्साची असताना गेली, म्हनून रंजीताले मीच वाढवलं. मी त्याले भिया म्हनो. तो गेला त्याले आज पंचेचाळीस दिवस झाले.

लोक म्हनतात किशन कोनाले भेत नव्हता. उंच होता, आवाज मोठा, खिशाले दोन पेन लावे. सही सोडून काई लिहिता येत नव्हतं. मी विचारलं दोन काहून, तं म्हने एक सहीले अन एक लोकायले भेव दाखवाले. पन तो भेत होता. शेवटची दोन वर्सं तो भेऊनच जगला, अन मी त्याच्या संगं.

त्याची एक लोखंडी पेटी होती. टोळीतल्या लोकायचे राशन कार्ड, मतदानाचे कार्ड तो त्या पेटीत ठेवे. आगाऊ पैसे घेतेल मानूस मधातून पयून जाऊ नये म्हनून. लोकायले सांगे, कार्डं कारखान्यात जमा हायेत, शिजन संपलं का भेटतात. पेटी त्याच्या बाजेखाली राहे. मी तिच्यावर गोधडी टाकून बसो. कोनी विचारलं का बाप्पा कोन्या कारखान्यावर नेतं, तं म्हने तिथं गेल्यावर ठरते, मोठा कारखाना हाय, तू काहून टेन्शन घेतं.

रंजीता दहा वर्साची होती त्या साली गोमतीबाई आमच्या टोळीत होती. आमच्याच तांड्यातली, सात महिन्याची पोटुशी. पौषात एक दिवस सकायी सकायी तिले रक्त जायाले लागलं. खोपीत निजवलं. रंजीता तिच्या उशाशी बसेल होती, हात धरून. मी पानी गरम करून देत होती. गोमतीबाई म्हने मले दवाखान्यात न्या. भिया बाहेर गेला, वापस आला अन म्हने गाडी नाही, दुपारी पाहू. दुपारी नेलं. पोट्टं पोटातच मेलं होतं.

गाडी होती. खोपीच्या मांगं टॅक्टर उभा होता, डायवर बिडी पीत बसेल होता. भियानं त्याले सांगतलं, उसाच्या दोन खेपा मार, कारखान्यावर काट्याचा नंबर गेला तं माल उद्यावर जाईन. मी चुलीपासून आयकलं. मी काई बोलली नाही. भाऊ होता, अन मी त्याच्या घरचं खात होती.

त्या दिवसापासून पोट्टी म्हने मी सिस्टर होईन. पावन्याले, मास्तराले, कोनालेबी सांगे, गाडी भेटली असती तं गोमतीकाकीचं पोट्टं जगलं असतं. तिनं असं म्हटलं का भिया उठून बैल पाहाले जाये. बैल बांधेलच राहत. त्यानं दोन सालानं मुकादमकी सोडली, सांगे गुडघे दुखतात.

रंजीता शिकली. अकोल्याले तीन वर्स नर्शिंग केलं, नोंदनी झाली, नंबर भेटला, वाशिमले एका खाजगी दवाखान्यात लागली. पांढरा ड्रेस घालून पह्यल्यांदा तांड्यात आली तं बायका म्हने बाई तू तं मास्तरीन दिसते, सुई मारशीन का नाही. ती म्हने मारून पाहू का. सहा महिने झाले नाही तं बाहेर देशात जायाचं खूळ भरलं. संगच्या पोरी मोबाइलवर पाहत, तिकडे असा दवाखाना, तसा दवाखाना. मंगरूळपीरले स्टँडच्या मांगं ऋषिकेश सर म्हनून एक जन होता, पोरीयले परदेशी पाठवे. आमी भेटाले जायच्या आंदीच तिनं त्याच्याजवय पासपोर्ट देऊन ठेवेल होता.

आमी तिघं गेलो. मानूस गोड होता. भियाले काका म्हने, मले मावशी. चहा मागवला. म्हने बारा तारखेचं तिकीट हाय. भियानं विचारलं दवाखान्याचं नाव काय. तो म्हने, "काका, मोठा ग्रुप आहे. कोणतं हॉस्पिटल ते तिकडं गेल्यावर ठरतं. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

मी भियाकडे पाह्यलं. त्याचा कप हातातच राह्यला.

मंग तो मानूस सांगत गेला का पह्यले फिराच्या व्हिसावर जायाचं, कामाचा व्हिसा तिथं करून देतात. कराराचा कागद तिथं भेटते. पासपोर्ट व्हिसासाठी मुंबईले जमा हाय, पोरी हरवतात म्हनून आमीच सांभायतो. भिया कप ठेवून उठला. मोटारीत खिडकीपाशी बसला. कंडक्टर दोनदा तिकीट म्हने, त्याले आयकू आलं नाही, मी तिकिटं काढली.

घरी आल्यावर म्हने, "जाऊ नको."

रंजीता म्हने, "काहून?"

म्हने, "नोको जाऊ, बस."

तिनं लय विचारलं. ती म्हने मी पोट्टी हाय म्हनून अडवतं, पोट्टा असता तं स्टेशनवर सोडाले आला असता. तिचंबी खरं होतं, त्यानं कारन सांगतलंच नाही. चार दिवस घरात कोनी धड जेवलं नाही. भिया चार-चारदा पान्याले उठे, अन पानी न पेता तसाच उभा राहे. मी विचारलं काय होते तुले. तो म्हने, "त्या मानसाच्या तोंडात माही जबान हाय." मलेबी तेच वाटलं होतं, पन मी मनाले सांगत होती का तसं नसन.

दहा तारखेले रंजीता बॅग भरत होती. भिया तिच्यापुढं खाली बसला, जमिनीवर. मुकादम मानूस असा कोनापुढं बसेल मी पाह्यला नव्हता.

म्हने, "गोमतीच्या वक्ती टॅक्टर होता."

रंजीताले समजलं नाही. म्हने कोनता टॅक्टर.

"खोपीच्या मांगं उभा होता. म्या त्याले उसाच्या खेपीले धाडलं. अन सांगतलं गाडी नाही. लोकायचे कार्डंबी कारखान्यात नव्हते, माह्या बाजेखाली होते. कारखाना कोनता ते तिथं गेल्यावर ठरते, हे म्याच सांगत होतो, बाई. एकदा मानूस तिथं पोचला, कागद आपल्या पेटीत असले, का त्याचं रक्त जाओ नाही तं जीव जाओ, आपली खेप पह्यले. मले माईत हाय. म्या केलेलं हाय."

रंजीतानं माह्याकडे पाह्यलं. "फुफी, तुले माईत होतं?"

म्या मान हालवली.

ती रडली नाही. बॅगीतले कपडे एक एक काढून बाजेवर ठेवत गेली, घडी घालून, जसे दवाखान्यात ठेवतात तसे. मले वाटलं पोट्टी आपल्यातून गेली. परदेशी गेली असती तं येवढी दूर गेली नसती.

पन पासपोर्ट त्या मानसाजवय होता. सकायी पह्यल्या मोटारीनं आमी दोघं मंगरूळपीरले गेलो. ती आली नाही. तिथं अजून दोन पोरी बसेल होत्या, आपल्या मायबापासंगं, नव्या चपला घालून. ऋषिकेश सर म्हने काका, पासपोर्ट मुंबईले हाय, आता माघार घेतली तं महिनाभर लागन.

भिया त्याच्या टेबलापुढं उभा राह्यला. म्हने, "मी बी असंच सांगत होतो, कार्डं कारखान्यात जमा हायेत. पेटी माह्या बाजेखाली होती. तुही कुठं हाय?"

तो मानूस हासला. पन टेबलाच्या खनाकडे पाह्यलंच त्यानं.

भिया मले म्हने बस, अन आमी दरवाज्यातच बसलो. मुकादम कोनाले भेते थे मुकादमालेच माईत. पोलिसाले नाही भेत तो येवढा, दारात बसेल बाईले भेते, कारन येनाराजानारा विचारते काय झालं बाई. म्या फडक्यातली भाकर तिथंच सोडून ठेवली. जो आला त्याले सांगतलं का माह्या पोट्टीचा पासपोर्ट यायनं ठेवला. मले लय भेव लागत होतं, पन सांगत राह्यली. दुपारपर्यंत खन उघडला. मुंबईचा पासपोर्ट टेबलातून निंगाला.

त्या दोन पोरीयलेबी भियानं सांगतलं का तुमचाबी मांगा. एकीनं मांगतला, तिले भेटला. दुसरीच्या बापानं भियाले हाकललं, म्हने स्वतःची पोट्टी गेली नाही म्हनून दुसऱ्याच्या वाट्याचं जयते. ते पोरगी गेली का राह्यली, आमाले कदी समजलं नाही. भिया मंगरूळपीरले बाजाराले गेला का स्टँडवर थांबून पाहे, ते मानसं दिसतात का.

रंजीतानं पासपोर्ट हातात घेतला अन बापाले येवढंच बोल्ली, "मले सांगून काय होते. गोमतीकाकीले सांग."

याले तो जास्त भेला. गोमतीबाईचं घर आमच्या घरापासून पाचवं. तीनदा निंगाला अन तीनदा पान्याच्या नयापासून वापस आला. चौथ्या वक्ती मले संगं घेतलं. गोमतीबाई सुपात तूर पाखडत होती. भियानं उभ्या उभ्याच सांगतलं. तिचं सूप थांबलं नाही.

म्हने, "तेरा वर्स झाले. आता काहून सांगून राह्यला?"

भिया म्हने, "माही पोट्टी चालली होती तशीच."

"म्हनजे तुही चालली होती म्हनून."

तिनं आमाले बस म्हटलं नाही अन जा बी म्हटलं नाही. आमीच आलो.

रंजीताच्या दवाखान्यात वैभवी सिस्टर म्हनून मोठ्या बाई होत्या, सात वर्स बाहेर काम करून आलेल. रंजीता मंग त्यायच्याकडे गेली. त्यायनं सांगतलं ते रंजीतानं आमाले चुलीपाशी बसून समजावलं. पह्यले दोन वर्स इथंच काम करायचं, त्याचा कागद घ्यायचा. मंग परीक्षा. मंग शिकल्याचे कागद तिकडून तपासून येतात. पाठवनारा सरकारच्या यादीत हाय का थे पाहायचं, नंबर टाकला का मोबाइलवर दिसते. करार इथं हातात, त्यात दवाखान्याचं नाव, पगार, सुट्टी. व्हिसा कामाचाच. अन पासपोर्ट कोनाले द्यायचा नाही, तिथंबी नाही.

दोन वर्स ती वाशिमले राह्यली. बापाशी बोले, पन कामापुरतं. आला का, जेवला का. त्यानं येवढ्यावरच भागवलं. परीक्षेत एकदा नापास झाली तं भियाले मनात बरं वाटलं, म्या त्याच्या तोंडावर पाह्यलं. दुसऱ्या वक्ती पास झाली. करार आला. भियानं तो वैभवी सिस्टरकडून वाचून घेतला, मंग ग्रामपंचायतीतल्या बाबूकडून, मंग परत रंजीताकडून. दवाखान्याचं नाव त्यानं तिच्याकडून भिंतीवर कोयशानं लिहून घेतलं, अन खाली भारताच्या वकिलातीचा नंबर. वाचता येत नव्हतं तरी त्यावरून बोट फिरवे.

ती निंगाली त्या दिवशी आमच्या रीतीपरमाने बायका जमल्या. पोट्टी सासरी जाते तवा आमच्यात गया धरून रडून गातात. इथं सासर नव्हतं, म्हनून कोनाले समजेना का गावं का नाही. भिया तिच्यापुढं आला. म्हने, "दर आयतवारी फोटू पाठव. पासपोर्ट हातात दिसला पाह्यजे."

बायका हासल्या. म्हने बाप फोटू मांगते तं तोंडाचा मांगते, हा पुस्तकाचा मांगते.

रंजीता हासली नाही. म्हने, "पाठवीन, बा." दोन वर्सानं तिनं त्याले बा म्हटलं. मंग तिचं तिनंच माहा गया धरला.

पह्यल्या आयतवारी फोटू आला. दुसऱ्याबी. भिया सकायपासून मोबाइल हातात घेऊन बसे, चार्जिंगची वायर लावूनच. तिसऱ्या आयतवारी दुपारपर्यंत आला नाही. त्याले घाम फुटला. मले म्हने भिंतीवरचा नंबर लाव. म्या म्हटलं थांब, डूटी असन. तो अंगनात येरझाऱ्या मारत राह्यला. फोटू चार वाजता आला, जास्तीची डूटी लागली होती. तो मोबाइल छातीशी धरून बसला अन म्हने, छातीत दुखून राह्यलं.

दवाखान्याची गाडी बोलावली. गाडी लवकर आली. मानोऱ्याचा दवाखाना याच्या आंदीच तो गेला.

रंजीताले येता आलं नाही. नवी नोकरी, सुट्टी नाही. करारात तसं लिहेल होतं, आमीच तीनदा वाचून घेतेल होतं. गोमतीबाई मातीले आली. बायकायपासून दूर उभी राह्यली, पानी न पेता गेली.

आता मोबाइल माह्याजवय असते. चौथी शिकेल बाई मी, फोटू उघडाले टाइम लागते, तेवढ्यात माहा जीव पानी पानी होते. तो गेल्यावरच्या पह्यल्या आयतवारी फोटू सकायी सातलेच आला. तिचे डोये सुजेल होते, केस विंचरेल नव्हते, मांगं भिंत पांढरी. पन हे म्या मंग पाह्यलं. म्या पह्यले हात पाह्यला. हातात पासपोर्ट होता.