चुकलेल्या मात्रा

आमच्या घरात कुणी कुणावर हात उचलत नसे. आवाजसुद्धा चढवत नसे. बाबा बँकेत, आई शिक्षिका, डोंबिवलीतला दोन खोल्यांचा ब्लॉक आणि संध्याकाळी आईचा रियाज. आई-बाबांचं बिनसलं की ते एकमेकांशी फार सौजन्याने बोलायला लागायचे, त्यावरूनच मला भांडण झाल्याचं कळायचं. अशा घरात मी जन्मजात मारकुटी निपजले. बालवाडीत मी चावायचे, दुसरीत ओरबाडायचे, पाचवीत कंपासपेटी डोक्यात घालायचे. "कुणावर गेलीय कोण जाणे," आई म्हणायची, आणि बाबा लगेच तिच्या माहेरचा विषय काढायचे.

सहावीत शाळेने विचारलं, गायनवृंद की बँडपथक? आईने गायनवृंद ठरवूनच टाकलं होतं. मी मैदानावरून घरी निघाले होते, तेव्हा दहावीतला एक मुलगा कमरेला ताशा बांधून त्याला दोन काड्यांनी झोडपत होता आणि त्याला कुणी ओरडत नव्हतं. उलट सगळे थांबून ऐकत होते. मारल्याबद्दल कौतुक होतं अशी जागा जगात आहे, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी बँडात गेले.

बँडचे सर कोलशेतचे. खाडीकाठच्या जुन्या ख्रिस्ती घरातले. त्यांचे वडील मासेमारी करायचे आणि लग्नाच्या सीझनला बँडमध्ये वाजवायचे; पुढे सरही तिथेच वाजवायला लागले. सर रोज स्कूटरवरून डोंबिवलीला यायचे, वाटेत शिळफाट्याच्या ट्रॅफिकला शिव्या घालायचे आणि उरलेला राग आमच्यावर काढायचे. शाळेत मारायला बंदी होती. तसा फलकही मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेर भिंतीवर लावलेला होता. मैदानाला भिंत नव्हती.

सरांचा एक नियम होता. मात्रा चुकली की मूठ पुढे करायची. जितक्या मात्रा चुकल्या तितक्या वेळा ताशाची काडी बोटांच्या सांध्यांवर बसायची, आणि तीही लयीत. "गेलेली मात्रा फुकट जात नाय, हातावर परत येते," असं ते म्हणायचे. मार खाताना आपण मोठ्याने मोजायचं. मोजताना लय ढळली की पुन्हा पहिल्यापासून. बांबूची बारीक काडी, पण थंडीत बसली की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. आजही सकाळी उठल्यावर माझ्या उजव्या हाताची दोन बोटं थोडा वेळ आखडलेली असतात. घरी मी सांगायचे की थ्रोबॉल लागला. खरं सांगितलं असतं तर आईने सरांना नाही, मला बँडातून काढलं असतं.

मला सरांचा मनापासून राग होता. त्यांच्या कानाखाली वाजवायची हे माझं शाळेतलं सगळ्यात आवडतं स्वप्न होतं. इतरांना परीक्षेची स्वप्नं पडायची, मला सरांच्या गालाची. पण त्याच माणसाने ताशावर काड्या टाकल्या की माझ्या अंगावर काटा यायचा, आणि याचाही मला राग यायचा.

नववीत असताना झांज वाजवणाऱ्या एका मुलाने मला "ताशावाली, वरातीत येते काय?" असं विचारलं. मी त्याला झांजेनेच उत्तर दिलं. त्याचा पुढचा दात अर्धा तुटला. मुख्याध्यापिकांनी आई-बाबांना बोलावलं. आई रडली, बाबांनी दाताचा खर्च भरला, आणि मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, "यापुढे एकदा जरी हात उचललास, तरी ताशा दुसऱ्याच्या कमरेला. कळलं?" कळलं. ताशा गेला असता तर मी या हातांचं काय केलं असतं, हे मला खरोखरच माहीत नव्हतं.

त्याच वर्षी पावसाळ्यात ठाण्याच्या मोठ्या नाट्यगृहात शाळांच्या गायनवृंदांचा आणि बँडपथकांचा कार्यक्रम ठरला. आमच्या शाळेने गायनवृंद आणि बँड एकत्र बसवायचं ठरवलं आणि तिथून खरी लढाई सुरू झाली. गाण्याच्या बाई डोंबिवलीच्याच, आईच्या ओळखीतल्या, शब्द तोलूनमापून बोलणाऱ्या. गाणं त्यांनी स्वतः बांधलं होतं. दोन कडवी नुसता गायनवृंद, मग सगळं थांबणार, ताशा एकटा वाजणार, आणि त्यानंतर शेवटचं कडवं पूर्ण बँडसह.

"ताशाला चार मात्रा पुरेत," बाई म्हणाल्या.

"आठ," सर म्हणाले.

"अहो सर, हे गाणं आहे. वरात नव्हे."

सरांनी हातातली काडी हार्मोनियमच्या झाकणावर इतक्या जोरात हाणली की लाकडाचा टवका उडून पहिल्या रांगेतल्या मुलीच्या कपाळाला लागला. मुलगी रडायला लागली. बाई पांढऱ्याफटक पडल्या, पण मागे हटल्या नाहीत. आम्ही साठ-सत्तर पोरं बघत होतो. शेवटी बाई म्हणाल्या, "ठीक आहे. आठ. पण त्या आठ मात्रांत जर नुसता धांगडधिंगा ऐकू आला, तर माझ्या गाण्यात पुन्हा कधी तुम्हाला जागा नाही."

त्या आठ मात्रा माझ्या होत्या. महिनाभर मी त्या खाल्ल्या, प्यायले, झोपेत भिंतीवर वाजवल्या. सातवी मात्रा हमखास मागे पडायची. सातवीसाठी मी जेवढा मार खाल्ला तेवढा बाकीच्या सात मिळून खाल्ला नसेल. ठाण्याला जाण्याच्या आदल्या दिवशी आठही बसल्या. सरांनी काडी खिशात ठेवली.

ठाण्याला पोचलो तेव्हा पाऊस धरून होता आणि बसमध्ये सगळं दमट झालं होतं. साइड ड्रमची चामडी प्लास्टिकची, त्यांना काही होत नाही. पण ताशाला खरं कातडंच हवं हा सरांचा हट्ट, आणि कातडं दमट हवेने सैल होऊन उतरतं. मी रंगमंचामागे जाऊन एक काडी टाकून पाहिली. ओल्या गोधडीवर मारल्यासारखा आवाज आला.

"शेक," सर म्हणाले.

ताशा शेकल्याशिवाय वाजवायचा नाही, हे आमच्याकडे अंघोळीशिवाय देवघरात न जाण्याइतकं पक्कं होतं. मैदानावर आम्ही रोज कागद पेटवायचो आणि त्यावर ताशा फिरवायचो. कातडं ताणलं जातं, आवाज खणखणीत येतो. नाट्यगृहाच्या मागे नाटकाचे सेट आत आणायला मोठं शटर असतं. ते अर्धं उघडं होतं. तिथे आडोशाला बसून सरांनी आणि मी रद्दीचे पेपर पेटवले. इथे आणि मैदानात काही फरक आहे, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. कागद ओलसर होते, ज्वाळा कमी आणि धूर जास्त. वारा बाहेरून आत वाहत होता. सगळा धूर शटरखालून आत, तिथून विंगेत आणि विंगेतून थेट रंगमंचावर गेला. तिथे दुसऱ्या एका शाळेचा गायनवृंद गात होता. पोरं खोकायला लागली. प्रेक्षागृहात कुणीतरी "आग, आग" म्हणालं आणि खुर्च्यांचा एकदम धडधड आवाज झाला.

छातीवर बिल्ला लावलेले एक आयोजक धावत आले. त्यांनी आधी पायाने आग विस्कटली, मग त्याच पायाने माझ्या हातातला ताशा उडवला. तो शटरच्या लोखंडी कडेवर आपटला. कातडं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फाटलं.

"नाट्यगृह जाळायला आलात काय? अक्कल गहाण टाकली का?"

"साहेब, पावसाने कातडं उतरलेलं," सर म्हणाले. "म्हणून जरा शेकत..."

आयोजकांनी सरांच्या कानाखाली मारली. आवाज चांगला मोठा आला. मी चार वर्षं ज्या आवाजाची वाट बघत होते, तोच.

आणि मला तो सहन झाला नाही. सरांनी काहीही केलं नाही. दोन्ही हात बाजूला, मान खाली. मूठ पुढे करून आम्ही जसे उभे राहायचो, अगदी तसे उभे. हा माणूस असा उभा राहू शकतो, हे मला माहीत नव्हतं. माझ्या डोक्यात एवढंच आलं, की सरांना मारायचं झालं तर आम्ही मारू, यांचा काय संबंध? चार वर्षं मार आम्ही खाल्लाय. मग माझ्या कमरेला खोचलेल्या दोन्ही काड्या हातात आल्या आणि त्या माणसाच्या तोंडावर पडायला लागल्या. मी मोजलं नाही. लयही सांभाळली नाही. त्यांची भुवई फाटली, रक्त डोळ्यात गेलं, पांढऱ्या सदऱ्यावर ओघळ आला. दोन सुरक्षारक्षकांनी मला मागून धरलं, तेव्हा मी एकाच्या मनगटाला चावले. बालवाडीतलं कौशल्य वाया गेलं नव्हतं. त्याने माझा उजवा हात पाठीमागे असा पिरगळला की खांद्यात कडकन वाजलं.

गाण्याच्या बाई धावत आल्या. त्यांनी रक्त पाहिलं, फाटलेला ताशा पाहिला, मला पाहिलं. आयोजक डोळ्यावर रुमाल दाबून म्हणत होते, पोलिसांत देतो, तुमची शाळाच बाद करतो. बाईंनी हात जोडले. मग सरांनीही जोडले. मला माफी मागायला सांगितलं. मी मागितली नाही. शेवटी असं ठरलं की बाकीची मुलं गातील-वाजवतील, पण हा माणूस आणि ही मुलगी आत नकोत.

आम्हाला मागून बाहेर काढलं, माझ्या काड्या आमच्यामागे चिखलात फेकल्या आणि शटर खाली ओढलं. बाहेर पत्र्याची अरुंद शेड होती, त्याखाली आम्ही उभे राहिलो. सरांच्या गालावर चार बोटं उठली होती. माझा खांदा ठणकत होता, आणि मला ढसाढसा रडायचं होतं. ताशा फाटला होता, शाळेत गेल्यावर तो माझ्या कमरेवरूनही जाणार होता, आणि माझ्या आठ मात्रा आत राहिल्या होत्या.

शटरमधून सगळं ऐकू येत होतं. आमच्या शाळेचं नाव पुकारलं. पहिलं कडवं झालं. पोरी घाबरलेल्या होत्या, सूर थोडे वर चढले होते. दुसरं कडवं झालं. आता ताशा. माझ्या मनात आलं, बाई ही जागा गाळतील, नाहीतर साइड ड्रमच्या पोरांना काहीतरी वाजवायला सांगतील. त्यांना हवंच होतं ते.

आतून काहीच आलं नाही. गाणं थांबलं होतं आणि थांबलेलंच राहिलं. एक. दोन. तिसऱ्या मात्रेला कुणीतरी गाणं संपलं समजून टाळी वाजवली आणि ओशाळून थांबलं. चार. पाच. एवढं मोठं भरलेलं नाट्यगृह, आणि बाईंनी ती जागा कुणालाही भरू दिली नाही. सहा. माझे हात हवेत आपोआप हलत होते. सात. आठ. आणि मग पूर्ण बँड आणि पूर्ण गायनवृंद एका क्षणी उठले, एकही पोर मागेपुढे नाही.

"बाईने जागा ठेवली," सर म्हणाले.

आत टाळ्या पडल्या. मी डावा हात शर्टाला पुसला आणि मूठ पुढे केली. आठ मात्रा चुकल्या होत्या. उजवा हात वर होत नव्हता.

सरांनी मुठीकडे पाहिलं. मग खाली वाकून चिखलात पडलेली माझी एक काडी उचलली, विजारीला पुसली आणि माझ्या त्या पुढे केलेल्या हातात दिली. आणि स्वतःची मूठ माझ्यासमोर धरली. जाड, केसाळ, लग्नाच्या बँडात आयुष्य घातलेली मूठ.

"मार," ते म्हणाले. "शेक मी म्हणालेलो."

हळू मारणं हा त्यांचा अपमान झाला असता. मी डाव्या हाताने, होता नव्हता तेवढा सगळा जोर लावून मारलं. पहिल्याच मात्रेला कातडी सोलली. सर मोठ्याने मोजत होते, आम्ही मोजायचो तसं, लय न सोडता. त्यांनी हात तसूभरही मागे घेतला नाही. मी रडत होते आणि मारत होते. आठवी संपली तेव्हा त्यांच्या सांध्यांवरून रक्त मनगटाकडे चाललं होतं.

त्यांनी मूठ खाली घेतली नाही.

"सातवी मागे पडली," ते म्हणाले. "पहिल्यापासून."