गोवळकोंड्याच्या पायऱ्या

हैदराबादेतल्या नारायणगुड्याच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर कमलताईंनी हिमालयातल्या आठवडाभराच्या ट्रेकला नाव दिलं. त्याआधी त्या साधी टेकडीही चढल्या नव्हत्या. सरावासाठी सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या भरून त्या इमारतीचे जिने चढू लागल्या. शेजारणी हसायच्या. नवरा, नरहरराव, मात्र रोज संध्याकाळी त्यांच्या पोटऱ्यांना तेल चोळून द्यायचे.

एका रविवारी गोवळकोंडा किल्ल्यावर अर्ध्या वाटेतच कमलताईंचा दम संपला. पायरीवर बसून त्या रडू लागल्या. खालच्या वळणावर थांबलेल्या नरहररावांनी ते पाहिलं आणि दुखऱ्या गुडघ्यावर हात रोवत ते एकेक पायरी वर आले.

"अहो, तुम्ही कशाला चढलात?"

"तुला एकटीला रडताना बघवेना. परेशान होऊ नकोस. दमलोय ना दोघं, मग बसू या."

दोघं बराच वेळ बसले. मग नरहररावांना हात देत कमलताईच आधी उठल्या. अगदी सावकाश, पण माथ्यापर्यंत गेले दोघं.

मे महिन्यात कमलताईंनी बर्फातली ती वाट पुरी केली. शेवटच्या मुक्कामावरून फोन लागला.

"झालं हो! जमलं मला!"

नरहररावांनी फोन कानाशी घट्ट धरला. "गार असेल तिथं, कान झाकून घे," एवढंच त्यांना बोलता आलं.